फिश टँकमध्ये नदीकाठ : थ्रीडी बॅकग्राउंड घरी बनवण्याची पद्धत

टँकच्या मागच्या काचेवर फोम कोरून आणि त्यावर सिमेंट लिंपून नदीचा काठ उभा करणं अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. हाताचं काम आठ-दहा दिवसांत उरकतं. त्यापुढचे चार-पाच आठवडे सिलिकॉन वाळण्यात आणि सिमेंटमधला चुना पाण्यात उतरण्यात जातात. कोरीवकाम जमलं नाही म्हणून काठ वाया गेला, असं क्वचितच होतं. वाया जातो तो दोन कारणांनी: फोम काचेवरून सुटून वर येतो, किंवा चुना पुरता उतरायच्या आत मासे सोडले जातात. दोन्ही गोष्टी टाळता येतात, त्यामुळे त्या पायऱ्यांवर इथे जास्त लिहिलं आहे.

मापं ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण १८० लिटरच्या टँकची धरली आहेत. तुमच्या टँकप्रमाणे कमी-जास्त करा. मात्र समोरच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर ३० सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर हा घाट घालू नका, कारण काठच अर्धी जागा खातो आणि माशांना वळायलाही जागा उरत नाही. टँक रिकामा, स्वच्छ आणि कोरडाठाक हवा. मासे असलेल्या टँकमध्ये हे काम करता येत नाही.

लागणारं साहित्य

- एक्सपीएस फोमच्या ५ सेंमी जाडीच्या शीट, एकूण १ चौरस मीटर
- अ‍ॅक्वेरियमचं सिलिकॉन, ३०० मिलीच्या ३ नळ्या, आणि ते दाबायची गन
- पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा, म्हणजे फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फोमचा १ कॅन
- साधं पोर्टलंड सिमेंट ५ किलो
- चाळलेली, धुऊन वाळवलेली बारीक वाळू ४ किलो
- आयर्न ऑक्साइडचे रंग: काळा, तांबडा, पिवळा, प्रत्येकी १०० ग्रॅम
- वाळलेली मुळं, वेगवेगळ्या आकाराचे नदीतले गोटे
- तासाला ८०० ते १००० लिटर पाणी फिरवणारा पंप, पाइप, प्लास्टिकची बारीक जाळी, स्पंज
- दातेरी सुरी, तारेचा ब्रश, रंगाचे दोन-तीन ब्रश, मास्किंग टेप
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबरी हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा
- पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कधर्मीपणा) तपासायचं किट

फोमबद्दल थोडं सविस्तर. पॅकिंगमध्ये येणारा पांढरा थर्माकोल दाण्यांचा बनलेला असतो. कोरताना त्याचे दाणे सुटतात, खोलीभर होतात, टँकमध्ये राहिले तर मासे ते अन्न समजून गिळतात. एक्सपीएस हा दाट, एकसंध फोम असतो, बहुधा निळा, गुलाबी किंवा राखाडी. तो कोरताना भुकटी पडते पण दाणे सुटत नाहीत, आणि धार नीट येते. थर्माकोलच वापरायचा असेल तर दाट प्रतीचा घ्या आणि कोरून झाल्यावर व्हॅक्युमने दोन-तीनदा साफ करा.

सिलिकॉनच्या नळीवर ‘बुरशीरोधक’ किंवा ‘बाथरूमसाठी’ असं लिहिलं असेल तर ते घेऊ नका. त्यात बुरशी मारणारं रसायन असतं आणि ते माशांनाही मारतं. सिमेंट निवडतानाही हीच काळजी घ्या: पुट्टी नको, वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळलेलं नको, नुसतं सिमेंट घ्या.

१. आधी पाण्याची दिशा ठरवा

सुरी हातात घेण्याआधी कागदावर एक बाण काढा: पाणी डावीकडून येणार की उजवीकडून? पुढचा प्रत्येक निर्णय याच बाणावर बेततो. नदी वळते तिथे बाहेरच्या अंगाला पाण्याचा मारा बसतो आणि आतल्या अंगाला गाळ साचतो. मारा बसणारा काठ उभा असतो, खालून पोखरलेला असतो, आणि वरची माती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्यामुळे पुढे झुकलेली असते. टँकमध्ये आपल्याला हाच काठ हवा आहे.

त्याचे वरून खाली तीन भाग पाडा. वरचा एक तृतीयांश भाग काळसर मातीचा, मुळ्यांचा, पाण्यावर झुकलेला. मधला भाग पोयट्याचा, आडव्या थरांचा, जागोजागी ढासळलेला. खालचा भाग पाण्याने खाल्लेल्या पोकळीचा, आणि त्या पोकळीत गोट्यांचा एक थर. प्रवाह येतो त्या बाजूची पोकळी खोल ठेवा. पुढे जाता जाता ती उथळ होऊ द्या आणि शेवटी काठ तिरका होऊन वाळूत मिसळू द्या. डावी-उजवी बाजू सारखी झाली की काठाची भिंत दिसायला लागते.

२. मापं घ्या, तुकडे पाडा

टँकच्या वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या असतील तर पूर्ण शीट आत जाणारच नाही. आधी वरच्या मोकळ्या जागेचं माप घ्या. ९० सेंटीमीटरच्या टँकसाठी तीन तुकडे पुरतात. तुकड्यांमधली रेघ सरळ उभी कापू नका. ती वेडीवाकडी जाऊ द्या, आणि जमल्यास जाड मुळाच्या मागे किंवा भेगेत लपवा. दोन्ही बाजूंच्या काचांपाशी ३-३ मिलिमीटर जागा सोडा, सिमेंटच्या थरांनाही जाडी असते. तळाशी मात्र फोम थेट काचेवर टेकला पाहिजे, वाळूवर नाही.

३. कोरीवकाम

मागची शीट पूर्ण उंचीची ठेवा. त्यावर झुकलेल्या भागासाठी आणखी एक-दोन तुकडे चढवा, म्हणजे वरच्या भागाची जाडी १० ते १२ सेंटीमीटर होईल. मधल्या भागाची जाडी ६ ते ८ आणि पोकळीतल्या फोमची ३ ते ४ सेंटीमीटरपर्यंत उतरू द्या. २.५ सेंटीमीटरपेक्षा पातळ कुठेही करू नका, तिथे फोम मोडतो. थर एकमेकांना चिकटवताना पीयू फोमची पातळ रेघ ओढा, वर किंचित पाणी शिंपडा आणि वजन ठेवून एक दिवस थांबा. हा फोम हवेतल्या ओलाव्याने फुगतो आणि घट्ट होतो, म्हणून फट अर्धीच भरा. हाताला लागला तर निघत नाही, त्यामुळे हातमोजे घाला.

समोरच्या काचेतून बघताना पाण्यातल्या वस्तू जवळ आल्यासारख्या दिसतात: ४ सेंटीमीटरची पोकळी टँक भरल्यावर जेमतेम ३ सेंटीमीटरची वाटते. म्हणून कोरडं असताना ‘जरा जास्तच झालं’ वाटेल इतकं खोल कोरा. कोरडं असताना बेताचं दिसणारं काम पाण्यात सपाट दिसतं.

मोठा आकार सुरीने काढा. मग तारेचा ब्रश प्रवाहाच्या दिशेने आडवा ओढा. मातीचे थर आपोआप उमटतात. ब्रशने सगळा पृष्ठभाग खरखरीत करा, कारण फोमच्या गुळगुळीत सालीवर सिमेंट धरत नाही आणि पोपडे निघतात. हॉट एअर गनने फोम वितळवून छान खड्डे पडतात, पण त्याचा धूर विषारी असतो. तो प्रकार करायचाच असेल तर उघड्यावर करा. स्प्रे पेंट आणि रबर सोल्यूशन फोमच्या जवळ आणू नका, त्यातलं सॉल्व्हंट फोम विरघळवतं.

४. पंपाची खोली आणि पाण्याची वाट

पंप आणि हीटर लपवायला प्रवाह जिथे संपतो त्या कोपऱ्यात काठामागे एक उभी मोकळी जागा, म्हणजे पंपाची खोली, ठेवा. तिची रुंदी निदान १० सेंटीमीटर हवी. तुमचा हात आत जाऊन पंप बाहेर काढता आला पाहिजे. पाणी आत शिरायला खालच्या पोकळीत सहा-सात आडव्या फटी पाडा, प्रत्येकी साधारण १ × ६ सेंटीमीटर. मागून जाळी आणि स्पंज लावा. पंपातून निघणारा पाइप काठाच्या मागच्या बाजूने खाच कोरून दुसऱ्या टोकाला न्या आणि पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडा. असं केल्यावर पाणी खरोखर तुम्ही काढलेल्या बाणाच्या दिशेने काठाला लागून वाहतं, आणि पाला-कचरा आपण होऊन फटींकडे जातो.

फटी कमी ठेवणं ही इथली नेहमीची चूक. स्पंज तुंबला की खोलीतली पातळी उतरते, पंप कोरडा चालतो आणि जळतो, हीटर उघडा पडून तडकतो. फटींचं एकूण क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाच्या निदान दहापट असू द्या.

५. मुळं आणि गोटे

मुळं पूर्ण वाळलेली हवीत: वाकवल्यावर कडकन मोडली पाहिजेत. चिकाच्या झाडांची आणि पाइनसारख्या राळेच्या लाकडाची नकोत. साल सोलून टाका, कारण पाण्यात आधी तीच सडते. मग दोन-तीन तास उकळा, पाणी बदलून पुन्हा उकळा. वेली आणि काथ्या दिसायला सुंदर असतात पण काही महिन्यांत कुजतात.

अंगठ्याएवढी जाड दोन-तीन मुळंच पुरे, बाकीची पेन्सिलएवढी किंवा त्याहून बारीक. सगळी वरच्या मातीच्या थराखालून बाहेर पडावीत, खाली झुकावीत आणि प्रवाहाच्या दिशेने वळावीत. सारख्या अंतरावर लावली तर कंगवा दिसतो. दोन-तीन एकाच जागेतून निघू द्या, मग हातभर जागा मोकळी सोडा. फोममध्ये ४-५ सेंटीमीटर खोल भोक पाडून, पीयू फोम भरून त्यात मूळ बसवा. काही बारीक मुळ्यांची दुसरी टोकंही पुन्हा काठात घुसवा.

गोट्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर तो चुनखडीचा दगड, बाजूला ठेवा. उरलेल्यांपैकी चपटे गोटे पोकळीत बसवताना नदीची सवय पाळा. वाहत्या पाण्यात चपटे गोटे एकमेकांवर रेललेले असतात, पाणी येतं त्या बाजूची कड खाली दबलेली आणि पाणी जातं त्या बाजूची कड वर उचललेली. पाहणाऱ्याला हे सांगता येणार नाही, पण उलटे बसवलेले गोटे डोळ्याला खटकतात. गोटे निम्म्याहून जास्त आत रुतलेले असावेत. मुठीएवढ्या गोट्यांच्या फटीत बोराएवढे आणि त्यांच्या फटीत खडे असे भरा.

६. सिमेंटचे पहिले दोन थर

फोमची मागची बाजू आणि तळाची कड मास्किंग टेपने झाका. तिथे सिमेंट लागता कामा नये: अ‍ॅक्वेरियम सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि त्यामुळे सिमेंटवर ते नीट धरत नाही. गोटे आणि मुळंही टेपने किंवा प्लास्टिकने गुंडाळा.

पहिला थर नुसत्या सिमेंटचा, ताकासारखा पातळ. ब्रशने घासून फोमच्या प्रत्येक छिद्रात भरा. तो दिसायला काहीच वाटत नाही, पण पुढचे सगळे थर त्याच्यावर टिकतात. चोवीस तासांनी दुसरा थर: एक भाग सिमेंट, एक भाग वाळू, साधारण २ मिलिमीटर. एकदम जाड लिंपलं तर वाळताना तडे जातात.

पातळ थराचं पाणी लवकर उडून जातं आणि सिमेंट घट्ट व्हायच्या आत सुकतं. मग बोट फिरवलं की पांढरी पूड निघते. म्हणून प्रत्येक थरानंतर प्लास्टिकने झाका आणि दिवसातून तीन-चार वेळा पाणी फवारा. पुढचा थर देण्याआधी नखाने खरवडून पाहा. पूड निघत असेल तर तेवढा भाग घासून पुन्हा लिंपा.

७. काचेला चिकटवणं

९० × ४३ सेंटीमीटरचा काठ सरासरी ६ सेंटीमीटर जाडीचा धरला तर तो सुमारे २३ लिटर फोम होतो. पाण्याखाली तो बावीस किलोच्या आसपास जोराने वर उसळतो. सिमेंटच्या सगळ्या थरांचं पाण्यातलं वजन दोन-तीन किलोच भरतं, त्यामुळे सिमेंटच्या भाराने काठ खाली राहील हा समज सोडून द्या. काठ धरून ठेवतं ते सिलिकॉनच. वर काचेच्या पट्ट्या असतील तर त्यांच्याखाली काठ घट्ट अडकेल असा बसवा, तेवढाच आधार.

काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. आधीच्या सिलिकॉनचे अवशेष असतील तर ब्लेडने पूर्ण काढा, जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. टँक पाठीवर आडवा ठेवता आला तर फार सोपं पडतं.

सिलिकॉन सगळीकडे सपाट पसरू नका. ते हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत घट्ट होत जातं, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. फोम आणि काचेमध्ये हवाच नसेल तर मधलं सिलिकॉन महिनाभरही ओलं राहतं, आणि टँक भरला की तिथूनच काठ सुटतो. म्हणून ६-७ सेंटीमीटर अंतरावर उभ्या रेघा ओढा, बोटाएवढ्या जाड, आणि मधल्या जागा वर-खाली उघड्या ठेवा. तळाच्या कडेला तुटक रेघ. तुकडा दाबून बसवा, वजन किंवा लाकडी टेकू द्या, आणि सात दिवस हात लावू नका.

सातव्या दिवशी नाक लावून पाहा. व्हिनेगरचा वास येत असेल तर आणखी थांबा. वास गेला की काठाच्या चारही बाजूंनी आणि पंपाच्या खोलीच्या कडांनी सिलिकॉनची सलग रेघ ओढून फटी बंद करा. फट राहिली तर छोटा मासा मागे शिरतो, परत येत नाही, आणि मेलेला दिसतही नाही. टँकचं पाणी मात्र नासतं.

८. शेवटचे थर आणि रंग

बाजूच्या आणि समोरच्या काचा प्लास्टिकने झाका. तुकड्यांमधल्या फटी पीयू फोमने भरा, कोरून सारख्या करा आणि वर सिमेंटचे तितकेच थर द्या. मग पूर्ण काठावर रंगीत सिमेंटचे दोन थर. एक किलो सिमेंटला ३० ते ६० ग्रॅम आयर्न ऑक्साइड पुरतं. १०० ग्रॅमच्या वर गेलात तर थर कच्चा होतो. हिरव्या-निळ्या छटांसाठी तांब्याचे रंग वापरू नका, कोळंबी आणि गोगलगायींना तांबं सोसत नाही.

वरच्या मातीला काळ्यात थोडा तांबडा, पोयट्याला पिवळ्यात चिमूटभर तांबडा, ढासळलेल्या जागी थोडा उजळ. रंग नेहमी ओला करून पाहा, कोरडं सिमेंट बरंच फिकट दिसतं. पोकळी मुद्दाम काळी करू नका. वरून दिवा लागला की तिथे आपोआप सावली पडते. शेवटचा थर ओला असतानाच वरून कोरडी वाळू मूठमूठ फेका, मातीचा रवाळपणा त्यानेच येतो. मुळ्या जिथे काठातून निघतात तिथे बोटाने सिमेंट वर ओढून बुंध्याला मिसळून घ्या, नाहीतर खिळे ठोकल्यासारख्या दिसतात.

९. चुना उतरवणं

शेवटच्या थरानंतर तीन दिवस ओलावा द्या आणि मग टँक काठोकाठ भरा, हळूहळू. पंप चालू करा. सिमेंटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात उतरतो आणि पहिल्या काही दिवसांत पीएच ११ च्या पुढे जाऊ शकतो. ते पाणी डोळ्यांना आणि कातडीला लागू देऊ नका, झाडांनाही घालू नका.

पहिल्या आठवड्यात दर दोन दिवसांनी सगळं पाणी काढून नवं भरा. त्यानंतर तीन आठवडे, दर चार-पाच दिवसांनी. काठावर पांढरी साय धरली तर मऊ ब्रशने घासून काढा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी परीक्षा घ्या. टँकमध्ये ताजं पाणी भरा आणि तेच पाणी एका स्वच्छ बादलीत, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून ठेवा. तीन दिवसांनी दोन्हीचा पीएच मोजा. फरक ०.३ च्या आत असेल तर काठ तयार. जास्त असेल तर आणखी एक आठवडा, मग पुन्हा मोजा.

व्हिनेगर ओतून हे काम लवकर उरकायचा मोह होतो. आम्लाने पीएच तेवढ्यापुरता उतरतो, पण सिमेंटची वरची कातडी झिजून आतला ताजा चुना उघडा पडतो. दोन दिवसांनी आकडा पुन्हा वर.

मृदू, आम्लधर्मी पाण्यातले मासे ठेवायचे असतील तर चांगला मुरलेला काठही पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढवत राहतो. अशा टँकमध्ये चार आठवड्यांनंतर काठ आठवडाभर वाळवा, आणि सॉल्व्हंट नसलेल्या इपॉक्सीचे दोन हात द्या, चोवीस तासांच्या अंतराने. दुसरा हात ओला असताना वाळू शिंपडा, म्हणजे चकाकी जाते. सात दिवसांनी पाणी.

१०. तळ, झाडं, मासे

वाळू काठाच्या पायथ्याशी ८ सेंटीमीटर आणि समोरच्या काचेपाशी ३ सेंटीमीटर ठेवा. काठात वापरलेलेच गोटे पायथ्याशी थोडे विखरा, म्हणजे ते वरून ढासळून पडल्यासारखे वाटतात. वाळलेली देशी बदामाची पानं टाकलीत तर पाणी किंचित तांबूस होतं आणि तळही जिवंत वाटतो.

जावा फर्न, अनुबियास, मॉस ही झाडं मातीशिवाय वाढतात. मुळांच्या बेचक्यात सुती दोऱ्याने बांधा. जावा फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड कधीही पुरू नका, कुजतं. काठाच्या माथ्यावर मनी प्लांट लावून त्याची मुळं पाण्यात सोडली तर पाण्यातलं नायट्रेट तो खातो.

मासे सोडण्याआधी फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणू बसायला नेहमीप्रमाणे चार ते सहा आठवडे द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. चुना उतरवण्याचे आठवडे यात धरू नका. त्या काळात दर वेळी सगळं पाणी फेकलं जातं आणि पीएच इतका चढलेला असतो की जिवाणू टिकत नाहीत.

मोठे प्लेको मासे दगड-लाकूड खरवडतात, सिमेंटचा थर पातळ राहिला असेल तर खालच्या फोमपर्यंत पोचतात. खणणारे सिक्लिड जातीचे मासे काठाच्या पायथ्याची वाळू उपसतात, त्यांच्यासाठी तिथे मोठे गोटे तळाच्या काचेवरच ठेवा. पहिल्या दोन महिन्यांत काठावर तपकिरी आणि मग हिरवं शेवाळ चढेल. समोरची काच घासत राहा, काठ मात्र घासू नका. सिमेंटचा कोरा रंग या शेवाळानेच झाकला जातो. पंपाच्या खोलीतला स्पंज दर दोन आठवड्यांनी टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, आणि पाणी उपसण्याआधी हीटर बंद करा.